कॉन्स्टँटिनोपल, पोर्तुगाल आणि परतीचा वारा

विचारलेला प्रश्न असा आहे: "१४५३ साली तुर्कांनी कॉन्स्टँटिनोपल घेतलं, पूर्वेकडच्या खुष्कीच्या वाटा बंद झाल्या, म्हणून युरोपीय लोक समुद्रमार्ग शोधायला निघाले, असं आम्ही शाळेपासून वाचतो. मग हे काम व्हेनिससारख्या गब्बर शहराने न करता पोर्तुगालसारख्या टीचभर देशाने कसं केलं? आणि नुसता आफ्रिकेला वळसा घालायला त्यांना ऐंशी वर्षं का लागली?"

मी पेशाने इतिहासकार नाही. आयुष्य व्यापारी जहाजांवर नॅव्हिगेशन करण्यात गेलं, आता मर्चंट नेव्हीत जाऊ पाहणाऱ्या मुलांना नौकानयन शिकवतो. पंधराव्या शतकातल्या पोर्तुगीज सफरी हा माझ्या वर्गातला ठरलेला विषय. तेव्हा या उत्तरात राजेरजवाड्यांपेक्षा वाऱ्यावर जास्त वेळ जाईल, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी १४५३चा निकाल लावू. नुसत्या तारखा ओळीने मांडल्या तरी गोष्ट बिनसते. पोर्तुगीजांनी मोरोक्कोच्या किनाऱ्यावरचं सेउता हे बंदर घेतलं ते १४१५ साली. मदेरा बेटांवर त्यांची वस्ती १४२०च्या सुमाराला सुरू झाली. जिल एआनिश हा त्यांचा दर्यावर्दी सहाराच्या किनाऱ्यावरचं बोजादोरचं भूशिर ओलांडून गेला १४३४ साली. अझोर्स बेटांवर वसाहत करण्याचा राजाचा परवाना १४३९चा. १४४४ पर्यंत त्यांची जहाजं सेनेगल नदीच्या पुढे केप व्हर्दच्या भूशिराला पोचली होती. म्हणजे कॉन्स्टँटिनोपल पडलं तेव्हा हा उद्योग जवळजवळ चाळीस वर्षं जुना होता. कारण मागाहून आणि परिणाम आधी, असं काही होत नाही.

दुसरी अडचण भूगोलाची. मलबारची मिरी युरोपात जायची ती मुख्यतः कॉन्स्टँटिनोपलवरून जातच नव्हती. कालिकतहून एडन, तांबड्या समुद्रातून वर, तिथून कैरो आणि अलेक्झांड्रिया. किंवा दमास्कसमार्गे बैरूत. कैरो, अलेक्झांड्रिया, दमास्कस, बैरूत हा सगळा टापू इजिप्त-सीरियावर राज्य करणाऱ्या मामलुक सुलतानांच्या ताब्यात होता आणि व्हेनिसचे ताफे दरवर्षी ठरल्या हंगामात अलेक्झांड्रियाला आणि बैरूतला येऊन माल उचलत. मामलुक जकात दाबून घेत, मक्तेदारी लादत, व्हेनिसवाले कुरकुरत, पण व्यापार चालू होता. ऑटोमन तुर्कांनी कैरो घेतलं १५१७ साली. तोवर वास्को द गामा येऊन गेला होता आणि गोवा पोर्तुगीजांकडे जाऊन सात वर्षं झाली होती.

१४५३चा काहीच परिणाम झाला नाही असंही म्हणता येणार नाही. मार बसला तो मुख्यतः जिनोवा शहराला. त्यांचा काळ्या समुद्रातला व्यापार आवळत गेला आणि १४७५ साली क्रिमियातलं त्यांचं काफा हे ठाणंही तुर्कांनी घेतलं. त्यामुळे जिनोवाच्या सावकारांचा पैसा आणखी पश्चिमेकडे वळला: लिस्बन, सेव्हिल, मदेरावरचे उसाचे मळे. 'आणखी' म्हणतो, कारण ओढा आधीपासूनच तिकडे होता. पोर्तुगालचा राजा दिनिश याने १३१७ सालीच मानुएल पेसान्या या जिनोवाच्या माणसाला करार करून आपला आरमारप्रमुख नेमलं होतं. तेव्हा १४५३ हे सुरुवातीचं कारण नव्हे. आधीच पेटलेल्या चुलीत त्याने एक लाकूड सारलं, इतकंच.

मग पोर्तुगीजांना हवं काय होतं? सुरुवातीला भारत त्यांच्या डोक्यात नव्हता. हवं होतं सोनं, आणि त्याखालोखाल गहू. १३४७-५१ च्या महामारीने युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं गेली. पूर्वेचा माल घेण्यासाठी सोनं-चांदी सतत बाहेर जात राहिली आणि पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला युरोपभर नाण्यांच्या धातूची चणचण होती. पोर्तुगालमध्ये तर कित्येक दशकं सोन्याचं नाणं पाडलंच गेलं नाही. सोनं कुठून येतं याचा अंदाज मात्र होता. मालीचा राजा मन्सा मूसा १३२४ साली मक्केच्या यात्रेला जाताना कैरोत इतकं सोनं उधळून गेला की त्याची कीर्ती भूमध्य समुद्राच्या पलीकडे गेली. मायोर्का बेटावर १३७५ साली काढलेल्या कॅटलन नकाशात सहाराच्या खाली तो हातात सोन्याचा गोळा धरून बसलेला दाखवला आहे. ते सोनं उंटांच्या तांड्यांतून सहारा ओलांडून उत्तर आफ्रिकेच्या बंदरांत येई. सेउता हे असंच एक बंदर. ते घेतलं आणि तांड्यांनी वाट बदलली. पोर्तुगीजांच्या हाती उरला तो किल्ला आणि शिबंदीचा खर्च. तेव्हा वाळवंटाला बाजूने वळसा घालून, समुद्रावरून थेट त्या सोन्याच्या देशात उतरता येईल का, हा खरा पहिला प्रश्न होता. या खटाटोपातून आलेल्या आफ्रिकी सोन्याचं 'क्रुझादो' हे नाणं पाडलं गेलं १४५७ साली.

आता समुद्राकडे येतो, कारण तुमच्या 'ऐंशी वर्षं का' या प्रश्नाचं अर्ध उत्तर तिथे आहे.

नकाशावर लिस्बन शोधा आणि तिथून बोट खाली आणत सहाराच्या किनाऱ्यावर या. या पट्ट्यात वर्षाचा बराचसा काळ वारा ईशान्येकडून वाहतो आणि कॅनरी प्रवाहाचं पाणीही किनाऱ्याकिनाऱ्याने दक्षिणेला ओढतं. लिस्बनहून खाली जायचं तर फारसं करायला काही नाही. शीड उघडा, वारा पाठीवर घ्या, दोन आठवड्यांत बोजादोर. मुश्कील परतीची आहे. तोच वारा आता तोंडावर, तोच प्रवाह विरुद्ध आणि घर सुमारे ८०० सागरी मैलांवर.

बोजादोरबद्दल शाळेत सांगतात की खलाशांना उकळता समुद्र आणि राक्षस यांची भीती वाटे. वाटतही असेल. पण त्या काळचा पोर्तुगीज बखरकार झुरारा खलाशांच्या तोंडी जी कारणं घालतो ती वाचली तर दर्यावर्दी माणूस मान डोलावेल. त्या भूशिरापलीकडे वस्ती नाही, पाणी नाही, झाड नाही. समुद्र इतका उथळ की जमिनीपासून कोसभर आत गेलं तरी वावभरच पाणी. आणि प्रवाह असे की एकदा ओलांडून गेलेलं जहाज परत येऊ शकणार नाही. यात राक्षस कुठेच नाहीत. आहे ती उथळ, खडकाळ, धुक्याच्या आणि वाळवंटी धुळीच्या किनाऱ्यावर प्रवाहाविरुद्ध अडकण्याची धास्ती. मी त्या पाण्यातून इंजिनाच्या जहाजाने गेलो आहे. ढगासारखी धूळ उतरते आणि किनारा दिसेनासा होतो. लाकडी होडीत, शिडाच्या भरवशावर, सरळ 'नाही' म्हणणारा तांडेल मला शहाणा वाटतो.

जिल एआनिश १४३३ साली कॅनरी बेटांवरूनच मागे फिरला. पुढच्या वर्षी राजपुत्र हेन्रीने पुन्हा पाठवलं तेव्हा तो भूशिराला वळसा घालून पलीकडे उतरला. माणूस दिसला नाही. आपण खरंच जमिनीवर उतरलो याचा पुरावा म्हणून त्याने तिथली काही रोपं उपटून आणली. पोर्तुगालमध्ये त्यांना सेंट मेरीचे गुलाब म्हणत. एवढ्या मोठ्या घटनेचा ऐवज म्हणजे एका छोट्या पिंपातली माती आणि ती रोपं.

परत यायची युक्ती अशी. वारा ईशान्येचा आहे आणि घरही जवळपास ईशान्येलाच आहे. मग त्या दिशेला तोंड करूच नका. किनारा सोडा, वारा उजव्या बाजूवर घ्या आणि जहाज वायव्येला, थेट अटलांटिकच्या पोटात घाला. घर दूर जातंय असं वाटेल, जातंही. पण तुम्ही उत्तरेलाही सरकत असता. साधारण अझोर्स बेटांच्या अक्षांशापर्यंत वर आलात की ईशान्येचा वारा संपतो आणि पश्चिमेचा वारा लागतो. आता वळा पूर्वेला. तोच वारा तुम्हाला लिस्बनच्या खाडीत आणून सोडतो. पोर्तुगीज याला 'व्होल्ता दो मार' म्हणत. अंतर दुपटीच्या आसपास, पण वेळ कमी आणि जहाजाची हाडं शाबूत.

कागदावर हे दोन मिनिटांत समजतं. माझी मुलं फळ्यावरची आकृती बघून 'एवढंच?' म्हणतात. पण कल्पना करा: भूमध्य समुद्रात पिढ्यान्‌पिढ्या किनारा धरून चालणारी जात. भरवशाची गोष्ट एकच, डोळ्याला दिसणारी जमीन. त्या माणसाला सांगायचं की घरी जायचं असेल तर जमिनीकडे पाठ कर आणि कित्येक आठवडे ती दिसणार नाही. हे कुण्या एकाने एका रात्रीत शोधलेलं नाही. कॅनरी, मदेरा, अझोर्सला जाण्यायेण्यात, वादळात भरकटून पुन्हा घरी लागण्यात हळूहळू बसलेला हा हिशेब आहे. अझोर्स बेटं या चक्राच्या बरोबर वरच्या टोकाला आहेत, हा योगायोग नव्हे. ती परतीच्या वाटेवर होती म्हणूनच पोर्तुगीजांच्या नजरेला पडली.

इथेच 'पोर्तुगालच का' याचं मला पटणारं उत्तर येतं. हे चक्र ज्या दाराशी सुरू होतं आणि ज्या दाराशी संपतं, त्या दारात पोर्तुगाल बसलेला आहे. लिस्बन आणि पोर्तुगालच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या लागोसचे कोळी याच पाण्यावर जगत होते. व्हेनिसचा माणूस इथवर यायचा तर त्याला आधी सगळा भूमध्य समुद्र ओलांडावा लागे. शिवाय त्याच्याकडे गरजच नव्हती. अलेक्झांड्रियाची वाट चालू होती. त्याची जहाजंही वेगळी. व्यापारी गॅलीवर वल्हेकऱ्यांची शेकड्यांनी माणसं, त्यांचं अन्नपाणी भरायला दर थोड्या दिवसांनी बंदर हवं. उघड्या महासागरात ते जहाज म्हणजे खाणारी तोंडंच फार. जिनोवाच्या विवाल्दी बंधूंनी १२९१ साली हा प्रयोग करून पाहिला होता. दोन गॅली घेऊन जिब्राल्टरबाहेर पडले, भारताच्या शोधात. परत आले नाहीत.

बाकी कारणं थोडक्यात सांगतो, ती पुस्तकांत सापडतात. १३८५च्या अल्जुबारोताच्या लढाईत कॅस्टिल या शेजारच्या स्पॅनिश राज्याला हरवून नवं घराणं गादीवर आलं होतं. १४११ साली तह झाल्यावर रिकाम्या बसलेल्या सरदारांना काहीतरी काम हवं होतं. देशाची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात, एका बाजूला कॅस्टिल, उरलेल्या बाजूला पाणी. आणि राजपुत्र हेन्रीच्या हाती ख्रिस्ताच्या संघाचं, म्हणजे धर्मयोद्ध्यांच्या एका श्रीमंत पंथाचं उत्पन्न होतं. या हेन्रीने सागरेस येथे नाविकांची शाळा काढली, वेधशाळा बांधली वगैरे जे वाचायला मिळतं ते सोडून द्या. तशी शाळा नव्हती. तो स्वतः मोरोक्कोपलीकडे कधी गेला नाही. 'नॅव्हिगेटर' ही पदवी त्याच्या नावाला खऱ्या अर्थाने चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. तो पैसे लावणारा आणि माणसं हाकणारा होता, आणि त्या कामात चिवट होता.

जहाजाबद्दल मात्र थोडं सांगायला हवं. बोजादोरपर्यंत गेल्या त्या छोट्या बार्का. १४४०च्या पुढे आली कारावेल: लहान, हलकी, उथळ पाण्यात आणि नदीच्या मुखात शिरू शकणारी, वीस-पंचवीस माणसांत चालणारी. तिच्यावर तिरक्या काठीला बांधलेलं त्रिकोणी शीड. कोकणातल्या जुन्या मचव्यांवर, गलबतांवर असायचं त्याच जातीचं. चौकोनी शिडाचं जहाज वारा पाठीशी असताना झकास पळतं, पण वाऱ्याच्या तोंडावर चढायला नाखूश. त्रिकोणी शीड वाऱ्याच्या बरंच जवळ धरता येतं. किनाऱ्याची पाहणी करायची, खाडीत शिरायचं, पुन्हा बाहेर पडायचं, तर हेच शीड. पुढे महासागराच्या लांब पल्ल्यासाठी त्यांनी चौकोनी शिडांची मोठी जहाजं वापरली. गामाची दोन मुख्य जहाजं त्या जातीची होती. 'कारावेलमुळे भारताचा मार्ग सापडला' हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे.

तिसरी गोष्ट, जागा ओळखायची. जमीन न पाहता आठवडेच्या आठवडे काढायचे, तर आपण उत्तर-दक्षिण कुठे आहोत हे कळायला हवं. पद्धत साधी होती. लिस्बनमध्ये ध्रुवतारा क्षितिजापासून किती वर दिसतो ते क्वाड्रंटवर, म्हणजे ताऱ्याची उंची मोजायच्या पाव वर्तुळाच्या उपकरणावर, खूण करून ठेवायचं. परतताना वर वर यायचं. तारा त्या खुणेला लागला की समजायचं, लिस्बनच्या रेषेत आलो, आता पूर्वेला वळा. रेखांश कळत नाही, पण चालतं. रेषा धरून गेलं की घर लागतंच. एक बारीक भानगड अशी की त्या काळी ध्रुवतारा खऱ्या ध्रुवापासून सुमारे साडेतीन अंश दूर होता, आजच्यासारखा पाऊण अंशाच्या आत नव्हता. तेव्हा शेजारचे तारे कुठल्या बाजूला आहेत ते बघून मोजमापात मिळवायचं किंवा वजा करायचं. साडेतीन अंश म्हणजे २०० सागरी मैलांवर चूक. खलाशांना हे तोंडपाठ करावं लागे. आपल्या हिंदी महासागरातले नाविक हेच काम 'कमाल' नावाच्या लाकडी फळीने आणि गाठी मारलेल्या दोरीने करत. तारे मोजून अक्षांश धरायची रीत इथे चांगली मुरलेली होती.

पण विषुववृत्त आलं की ध्रुवतारा बुडतो. १४७०च्या दशकात पोर्तुगीज जहाजं गिनीच्या, म्हणजे पश्चिम आफ्रिकेच्या, आखातात विषुववृत्तापलीकडे गेली आणि ही खूणच हातातून गेली. आता सूर्य मोजायचा. पण सूर्य रोज जागा बदलतो, त्यामुळे वर्षभराचे तक्ते हवेत. दुसऱ्या झुआंव राजाने यासाठी गणित्यांना कामाला लावलं. सलामांकाचा ज्यू खगोलज्ञ अब्राहम झाकूतो याचे तक्ते, त्याचा शिष्य जोझे व्हिझिन्यो याने १४८५ साली थेट गिनीच्या किनाऱ्यावर जाऊन घेतलेली मोजमापं, या सगळ्यातून दर्यावर वापरता येतील असे आकडे तयार झाले. झाकूतोचं पुस्तक १४९६ साली लैरीया येथे छापलं गेलं. त्याच वर्षाच्या अखेरीस राजा मानुएलने ज्यूंना देश सोडण्याचा हुकूम काढला, आणि झाकूतोलाही पुढे पोर्तुगाल सोडावं लागलं. गामा निघाला तो त्याचे तक्ते घेऊन.

आता ऐंशी वर्षं. खरं सांगायचं तर ऐंशी वर्षं एकच मोहीम चालू नव्हती. मधे टँजियरवर १४३७ साली केलेली स्वारी फसली, हेन्रीचा धाकटा भाऊ फर्नांदो ओलीस राहिला आणि १४४३ साली फेझच्या कैदेत मेला. १४७५ ते ७९ कॅस्टिलशी युद्ध झालं. शिवाय प्रत्येक टप्प्यावर काही ना काही विकण्याजोगं सापडत होतं, त्यामुळे पुढे जायची घाई नव्हती.

आणि जे सापडलं त्यात माणसं होती. हे उत्तर नुसत्या वाऱ्यांवर संपवलं तर ती फसवणूक होईल. १४४१ साली पहिले कैदी आणले गेले. ऑगस्ट १४४४ मध्ये लागोसच्या बाहेरच्या मैदानात २३५ स्त्री-पुरुष-मुलांना उभं करून त्यांचे वाटे पाडले. झुरारा तिथलं वर्णन करतो: काहींनी माना खाली घातल्या, काही आकाशाकडे बघून आक्रोश करत होते, वाटे पाडताना बाप-लेक, नवरा-बायको वेगळे केले, आया मुलांना मिठी मारून जमिनीवर पालथ्या पडल्या. हेन्री घोड्यावर बसून पाहत होता. त्याच्या पाचव्या हिश्शाला ४६ जीव आले. झुरारा हेन्रीचा भाट आहे, टीकाकार नव्हे, आणि तरीही हे लिहिताना त्याचा हात अडखळला आहे. मग सहाराच्या किनाऱ्याजवळच्या आर्गिन बेटावर ठाणं झालं, मदेरावर ऊस उभा राहिला आणि उसाला मजूर लागले. पोप पाचवा निकोलस याच्या १४५५च्या फर्मानाने या व्यापाराची मक्तेदारी पोर्तुगालला दिली. पुढच्या सफरींचा खर्च ज्या पैशांतून निघाला त्यात हा पैसा आहे.

हेन्री १४६० साली वारला. १४६९ साली राजाने गिनीच्या व्यापाराचा ठेका फर्नांव गोमिश या लिस्बनच्या व्यापाऱ्याला दिला. अट मजेशीर होती: वर्षाला दोन लाख रैस (पोर्तुगीज चलन) भर आणि दरवर्षी किनाऱ्याची १०० लीग (एक लीग म्हणजे साधारण तीन मैल) नवी वाट उघड. मला ही अट फार आवडते. ध्येय, धर्म, कीर्ती काही नाही; मैलांचं टार्गेट. पाच-सहा वर्षांत त्याच्या माणसांनी हेन्रीच्या हयातीत झालं त्यापेक्षा जास्त किनारा उलगडला आणि १४७१ साली ज्यासाठी सगळं सुरू केलं ते सोनं सापडलं, आजच्या घानाच्या किनाऱ्यावर. तिथे १४८२ साली मिनाचा किल्ला उभा राहिला. त्याचे दगड पोर्तुगालमध्येच घडवून जहाजांनी नेले होते.

भारत हे ठरवून गाठायचं ठिकाण झालं ते इथून पुढे, दुसऱ्या झुआंवच्या काळात. दिओगो कांव काँगोच्या मुखापर्यंत आणि नंतर नामिबियाच्या किनाऱ्यापर्यंत गेला. बार्तोलोमेउ दियाश ऑगस्ट १४८७ मध्ये निघाला. दक्षिण गोलार्धात अडचण तीच, आरशातल्यासारखी उलटी: वारा आग्नेयेचा, प्रवाह उत्तरेकडे, म्हणजे खाली जायलाच विरोध. दियाश किनाऱ्याने झगडत गेला, मग किनारा सोडून आत समुद्रात घुसला. बरेच दिवस दक्षिणेला, मग पूर्वेला वळला तर जमीन नाही. उत्तरेला वळला आणि ३ फेब्रुवारी १४८८ रोजी जमीन लागली, पण किनारा आता पूर्व-पश्चिम होता. आफ्रिकेचं टोक न दिसताच मागे पडलं होतं. थोडं पुढे गेल्यावर खलाशांनी नकार दिला आणि तो परतला. तो डिसेंबर १४८८ मध्ये लिस्बनला आला तेव्हा क्रिस्टोफर कोलंबस तिथे होता.

कोलंबसाबद्दल एवढंच. पृथ्वी गोल आहे हे शिकल्यासवरल्या सगळ्यांना ठाऊक होतं, भांडण आकाराचं होतं. कॅनरीपासून जपान २,४०० सागरी मैलांवर आहे असा त्याचा हिशेब. प्रत्यक्षात ते अंतर दहा हजारांच्या वर आहे. पोर्तुगीज तज्ज्ञांनी त्याला नकार दिला तो गणित येत होतं म्हणून. पण वारा त्याला बरोबर कळला होता. १४९२ साली आधी कॅनरीला उतरून ईशान्येच्या वाऱ्यावर पश्चिमेला गेला, आणि येताना उत्तरेला चढून पश्चिमेच्या वाऱ्यावर अझोर्समार्गे परतला. तो लिस्बनला शिकलेलाच धडा होता.

वास्को द गामा ८ जुलै १४९७ रोजी चार जहाजं घेऊन निघाला. जहाजं बांधून घेण्यावर देखरेख होती दियाशची, आणि त्याचा सल्ला वाटेत दिसतो. गामा ३ ऑगस्टला केप व्हर्द बेटांवरून सुटला आणि आफ्रिकेच्या किनाऱ्याशी झगडत बसण्याऐवजी अटलांटिकमध्ये प्रचंड मोठा वळसा घेऊन खालचा पश्चिमेचा वारा पकडला. ४ नोव्हेंबरला जमीन दिसली. तीन महिने नुसतं पाणी. कोलंबसाचे पाच आठवडे होते. १५०० साली काब्राल हा पुढचा पोर्तुगीज कप्तान याच वळशात थोडा जास्त पश्चिमेला गेला आणि २२ एप्रिलला त्याला ब्राझील दिसलं.

पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या मलिंदीला गामाला वाटाड्या मिळाला. तो प्रसिद्ध अरब नाविक इब्न माजिद होता ही गोष्ट लोकप्रिय आहे, पुराव्यात ती टिकत नाही. तो गुजराती असावा असं पोर्तुगीज बखरींवरून दिसतं. २४ एप्रिल १४९८ला निघून १८ मेला मलबार दिसला. अनोळखी समुद्र, तेवीस-चोवीस दिवसांत पार, कारण वारा माहीत असलेला माणूस सोबत होता.

किनाऱ्यावर आधी एका कैद्याला उतरवलं. त्याला भेटले ते ट्युनिसचे दोन मुसलमान व्यापारी, कॅस्टिलियन आणि जिनोवाची भाषा बोलणारे. पहिलं वाक्य: सैतान घेऊन जावो तुला, इथे कुणी आणलं? आणि लगेच दुसरा प्रश्न: कॅस्टिलच्या, फ्रान्सच्या राजाने, व्हेनिसने कुणाला का पाठवलं नाही? म्हणजे भूमध्य समुद्राचे व्यापारी जुन्या वाटेने येऊन कालिकतात आरामात राहत होते. वाट बंद झाली असती तर हे दोघे तिथे कसे? तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर या एका भेटीत आहे.

सामुतिरीला, म्हणजे कालिकतच्या राजाला, द्यायला गामाने काढलेल्या भेटी म्हणजे कापडाचे बारा तुकडे, टोप्या, पोवळ्याच्या माळा, सहा हात धुण्याची भांडी, साखर, तेल आणि मध. दरबारी लोक हसले. गिनीच्या किनाऱ्यावर हा माल चालला होता. कालिकतच्या पेठेत त्याला कोण विचारणार? ऐंशी वर्षं आफ्रिकेच्या किनाऱ्यावर घालवल्यावर वारा शिकले, बाजार शिकायचा राहिला.

आणि वाराही पुरता शिकले नव्हते. सामुतिरीशी बिनसल्यावर गामा ऑगस्टअखेर कालिकतहून निघाला, किनाऱ्याने वर येत कारवारसमोरच्या अंजदीव बेटाला थांबला. आज ते गोव्यात मोडतं. तिथे जहाजांची डागडुजी केली आणि विजापूरच्या आदिलशाहाच्या चाकरीतल्या एका ज्यू माणसाला पकडून, मारहाण करून सोबत नेलं; तो पुढे गास्पार द गामा या नावाने काब्रालबरोबर दुभाष्या म्हणून परत आला. ५ ऑक्टोबरला गामाने आफ्रिकेकडे जहाजं हाकली. कोकणातला कुठलाही तांडेल सांगेल की आश्विनात नैर्ऋत्येचा वारा मेलेला असतो आणि ईशान्येचा अजून धरलेला नसतो. दीड महिना थांबला असता तर वारा पाठीवर आला असता. वारा पडलेल्या, मधूनच उलट्या येणाऱ्या समुद्रात तो जवळजवळ तीन महिने लोळत राहिला. येताना तेवीस दिवस, जाताना २ जानेवारी १४९९ उजाडली. हिरड्या सुजून दातांवर चढल्या, पाय सुजले. स्कर्व्हीने या एका टप्प्यात तीस माणसं गेली. एकेका जहाजावर कामाला उठू शकणारे सात-आठ उरले. पुढे सांव राफायेल हे जहाज जाळून टाकावं लागलं, कारण चालवायला माणसं नव्हती.

राहता राहिला वाट 'बंद' होण्याचा मुद्दा. ती एकदा खरंच तुटली, पण १५०० नंतर आणि पोर्तुगीजांमुळे: तांबड्या समुद्राकडे जाणारी मिरीची जहाजं ते मारू लागले आणि १५०४ साली व्हेनिसच्या गॅली अलेक्झांड्रिया आणि बैरूतहून जवळजवळ रिकाम्या परतल्या. परीक्षेत १४५३ विचारलं तर पुस्तकातलं उत्तर लिहून गुण घ्या, पण हेही ठाऊक असू द्या की शतकाच्या मध्यावर अलेक्झांड्रियातून व्हेनिसला पूर्वीइतकीच मिरी पुन्हा जाऊ लागली होती, आणि तेव्हा त्या वाटेवर राज्य होतं ऑटोमन तुर्कांचं.